व्हेस्ट्रीतली तीन वर्षं

थाळीत आलेले पैसे मोजायला दोन माणसं लागतात, आणि ती दोघं एकाच घरातली असून चालत नाहीत. हा नियम मला कळला तो व्हेस्ट्रीवर, म्हणजे देवळाचा कारभार बघणाऱ्या मंडळावर, निवडून आल्यानंतरच्या पहिल्याच रविवारी. उपासना संपली, लोक खालच्या हॉलमध्ये कॉफीला गेले, आणि मी व पोस्टातून निवृत्त झालेले एक गृहस्थ वेदीमागच्या लहान खोलीत टेबलाशी बसलो. नोटा एकीकडे, चेक एकीकडे, नावाची पाकिटं एकीकडे. आधी त्यांनी मोजायचं, मग मी, आणि आकडा जुळला की चिठ्ठीवर लिहून दोघांनी सही करायची. आमच्यात पाच डॉलरचा फरक आला. मी म्हटलं, पाचच तर आहेत. त्यांनी चष्मा काढला, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "ते कुणीतरी देवाला दिलेत." आम्ही पुन्हा पहिल्यापासून मोजलं. दोन नोटा एकमेकींना चिकटल्या होत्या.

मी मूळची पुण्याची, चर्च ऑफ नॉर्थ इंडियाच्या, म्हणजे सीएनआयच्या, मंडळीत वाढलेली. आमच्याकडे पास्टोरेट कमिटी असे. पाळकसाहेब अध्यक्ष, एक सेक्रेटरी, एक खजिनदार आणि बाकीचे सभासद. बाबा बरीच वर्षं त्या कमिटीवर होते. मीटिंग असली की रात्री उशिरा घरी येत. आई ताट वाढता वाढता विचारायची, "काय ठरलं?" आणि बाबा म्हणायचे, "तुला काय करायचंय." आई देवळात गात होती, नाताळचा फराळ करत होती, आजाऱ्यांना भेटायला जात होती. पण काय ठरलं ते तिला रविवारच्या जाहिरातींतच कळायचं. आमच्याकडे उपासनेतल्या सूचनांना जाहिराती म्हणतात.

अमेरिकेत आल्यावर आम्ही राहत होतो त्या गावात लाल दरवाजांचं एक एपिस्कोपल देऊळ होतं. सीएनआय १९७० साली २९ नोव्हेंबरला नागपूरला स्थापन झालं, तेव्हा भारतातले अँग्लिकनही, म्हणजे चर्च ऑफ इंग्लंडच्या परंपरेतले लोकही, त्यात आले. त्यामुळे आम्ही आणि हे एपिस्कोपल एकाच अँग्लिकन कुटुंबातले. पुण्याच्या मंडळीचं पत्र दिलं, नावं वहीत चढली. प्रभुभोजनाच्या प्रार्थनेतलं एक वाक्य इंग्रजीत कानावर पडलं की पुढचं मला मराठीत आठवायचं. अशी अकरा वर्षं मी मागून तिसऱ्या बाकावर बसून काढली. मग एका रविवारी कॉफीच्या वेळी एक बाई जवळ आल्या आणि विचारलं, व्हेस्ट्रीसाठी तुझं नाव देऊ का?

व्हेस्ट्री म्हणजे खरं तर खोली. पाळकांचे झगे जिथे ठेवतात ती. इंग्लंडात गावातले लोक मंडळीचा कारभार बघायला त्या खोलीत जमत, आणि खोलीचं नाव माणसांना चिकटलं. आमची पैसे मोजायची खोली तीच. पाठीमागच्या कपाटात हिरवे, जांभळे, पांढरे झगे टांगलेले असत आणि पुढ्यात आमच्या चिल्लरीच्या गुंडाळ्या.

आमच्या व्हेस्ट्रीत बारा जण. मुदत तीन वर्षांची, दरवर्षी चार जण बाहेर पडतात आणि चार नवे येतात. लागोपाठ दुसऱ्यांदा उभं राहता येत नाही. हे आमचं झालं. किती सभासद, किती वर्षं, मत कुणाला, हे त्या त्या राज्याच्या कायद्यावर आणि धर्मप्रांताच्या, म्हणजे एका बिशपांच्या हाताखालच्या विभागाच्या, नियमांवर असतं. दोन वॉर्डन, म्हणजे मंडळीचे प्रमुख पदाधिकारी, असतात. आमच्याकडे सीनियर वॉर्डनना रेक्टर, म्हणजे मुख्य पाळक, नेमतात आणि ज्युनियर वॉर्डनना लोक निवडतात. जानेवारीतल्या वार्षिक सभेत चिठ्ठ्या टाकल्या, मोजल्या, माझं नाव वाचून दाखवलं. त्या रात्री पुण्याला फोन केला. आईला 'व्हेस्ट्री' कळेना. मी म्हटलं, बाबा होते ना तशी कमिटी. ती जरा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "बाईमाणसाला घेतात?"

घेतात, पण हेही फार जुनं नाही. जनरल कन्व्हेन्शन ही एपिस्कोपल चर्चची दर तीन वर्षांनी भरणारी सर्वोच्च सभा; तिच्यात सामान्य जनांच्या वतीने स्त्रिया प्रतिनिधी म्हणून बसल्या त्या १९७० साली. म्हणजे ज्या वर्षी नागपूरला आमचं चर्च जन्माला आलं त्याच वर्षी. मला इथे नेहमी पंडिता रमाबाई आठवतात. १८८३ साली इंग्लंडात वाँटेजला त्यांचा बाप्तिस्मा झाला आणि पुढे चेल्टनहॅमला त्यांनी मुलग्यांना शिकवावं की नाही यावर बिशपांनी हरकत घेतली. कोण ठरवणार आणि कोणाबद्दल ठरवणार, हा प्रश्न आमच्या बायकांना नवा नाही.

नव्या सभासदांना एक जाडजूड फाइल मिळाली. मी ती चक्क पेन्सिल घेऊन वाचली, आणि ज्या वाक्यापाशी थांबले ते चर्चच्या कॅननमधलं, म्हणजे नियमावलीतलं. मंडळीच्या मालमत्तेबाबत आणि मंडळी व पाळक यांच्यातल्या संबंधांबाबत व्हेस्ट्री ही मंडळीची कायदेशीर प्रतिनिधी आहे. मालमत्ता आणि पाळकाशी नातं, बस. उपासना त्यात नाही. उपासना कशी, केव्हा, कोणती गीतं, कोण वाचणार, हे रेक्टरच्या हाती, वर बिशपांची देखरेख. देवळाच्या इमारतीचा वापरही रेक्टरच्या हाती, छप्पर गळलं तर मात्र ते आमचं. व्हेस्ट्रीच्या सभेत अध्यक्षही बहुधा तेच. व्हेस्ट्री रेक्टरला निवडते, पण एकदा निवडलं की मनात आलं म्हणून काढू शकत नाही. आणि रेक्टरनाही व्हेस्ट्रीच्या संमतीशिवाय राजीनामा देऊन निघून जाता येत नाही. वाद विकोपाला गेलाच तर बिशप.

हे वाचून वाटलं, किती स्वच्छ रेघ मारलीय. मार्चच्या सभेत कळलं की रेघ स्वच्छ नाही.

एका सभासदाने ठराव मांडला, सकाळी आठची उपासना बंद करावी. चौदा माणसं येतात आणि तेवढ्यांसाठी अख्खं देऊळ तापवावं लागतं. त्याने गॅसची बिलं आणली होती, खरी होती. दुसऱ्याने अनुमोदन दिलं. मी तेव्हा क्लार्क होते, इतिवृत्त लिहिणारी. आता हा पैशाचा प्रश्न की उपासनेचा? खोलीत अर्धे एकीकडे, अर्धे दुसरीकडे. रेक्टरनी सगळ्यांना बोलू दिलं, पाऊण तास. मग म्हणाले, "बिल तुमचं आहे. किती खर्च करायचा ते तुम्ही ठरवा, त्या आकड्यात मी बसवेन. पण देवाची उपासना केव्हा करायची यावर इथे मत घेणार नाही." ठराव मागे घेतला गेला. पुढच्या महिन्यात त्यांनी स्वतःच आठची उपासना बाजूच्या लहान चॅपलमध्ये नेली. तिथे एक हीटर पुरतो. ज्याने ठराव मांडला होता, त्याने तो हीटर विकत आणून दिला.

त्या वर्षी मला एक सवय लागली, मागे जाऊन वाचायची. हे इतकं सामान्य लोकांच्या हाती आलं कसं? ब्रिटिश वसाहतींच्या काळात अमेरिकेत बिशपच नव्हता. व्हर्जिनियात गावची व्हेस्ट्री म्हणजे मोठे जमीनदार. तेच कर गोळा करत, गरिबांचं बघत आणि पाळकाला कायम न करता वर्षावर्षाच्या बोलीवर ठेवत, म्हणजे तो ऐकून राहील. जॉर्ज वॉशिंग्टन ट्रूरो पॅरिशच्या व्हेस्ट्रीवर होते. पहिला बिशप, सॅम्युअल सीबरी, १७८४ साली स्कॉटलंडमध्ये अॅबरडीनला अभिषिक्त झाला. आणि पुढच्याच वर्षी फिलाडेल्फियाला पहिलं जनरल कन्व्हेन्शन भरलं, त्यात पाळकांबरोबर मंडळीतले सामान्य लोकही प्रतिनिधी म्हणून बसले. तिथले पाळक विल्यम व्हाइट यांनी तसा आग्रह धरला होता.

पण यात गौरव करावा असंच सगळं नाही. त्याच फिलाडेल्फियात १७९४ साली अॅबसलोम जोन्स यांची सेंट थॉमस ही काळ्या लोकांची मंडळी एपिस्कोपल चर्चमध्ये घेतली गेली, पण धर्मप्रांताच्या सभेत भाग घ्यायचा नाही या अटीवर. ती अट कित्येक दशकं टिकली. प्रार्थना करा, वर्गणी भरा, मत मागू नका. मला हे वाचताना आई दिसत होती.

१९७९च्या प्रार्थना पुस्तकातल्या प्रश्नोत्तरांत एक प्रश्न आहे, चर्चचे सेवक कोण? उत्तरात चार नावं येतात, सामान्य जन, बिशप, पाळक, डीकन. सामान्य जन पहिले. मी ते उत्तर मराठीत लिहून आईला पाठवलं.

आता जे सांगायचं ते जड आहे, पण ते न सांगता हे लिहिण्यात अर्थ नाही. दरवर्षी मंडळीचे हिशेब तपासून त्याचा अहवाल १ सप्टेंबरपर्यंत बिशपांकडे जावा लागतो. माझ्या पहिल्याच वर्षी तपासणाऱ्यांनी एक कागद पुढे केला. बऱ्याच वर्षांपूर्वी एका बाईंनी मृत्युपत्रात देवळाच्या संगीतासाठी रक्कम ठेवली होती. फक्त संगीतासाठी. आमच्या आधीच्या व्हेस्ट्रीने दोन हिवाळ्यांपूर्वी बॉयलर बंद पडल्यावर त्यातून पैसे काढले होते. कुणी खिशात घातले नव्हते, बॉयलर आला होता, देऊळ गरम झालं होतं. पण ते पैसे बॉयलरचे नव्हते.

क्लार्क म्हणून जुनी इतिवृत्तं शोधायचं काम माझ्याकडे आलं. तळघरातल्या लोखंडी कपाटात ती सापडली. त्या सभेच्या पानावर बॉयलरबद्दल एकच ओळ होती, "दुरुस्ती उपलब्ध निधीतून करावी, सर्वानुमते मंजूर." उपलब्ध निधी कुठला, ते कुणी विचारलं नव्हतं. मृत्युपत्राची प्रत त्याच कपाटात, खालच्या खणात होती. बारा माणसांनी हात वर केले आणि एकानेही खालचा खण उघडला नाही. ती माणसं वाईट नव्हती. त्यातले तिघं अजून माझ्या बाजूला बसत होते, त्यातले एक माझ्याबरोबर पैसे मोजणारे पोस्टातले गृहस्थ. त्यांनी सभेत उभं राहून सांगितलं, "मी हात वर केला होता. मी वाचलं नव्हतं." त्यांचा आवाज कापत होता.

आम्ही ते बिशपांच्या कार्यालयाला कळवलं, मंडळीसमोर वार्षिक सभेत वाचून दाखवलं, आणि २४ मासिक हप्त्यांत ती रक्कम संगीताच्या निधीत परत भरायचं ठरवलं. प्रत्येक हप्ता इतिवृत्तात मी नावानिशी लिहिला. तेव्हापासून माझ्या इतिवृत्तात 'उपलब्ध निधी' हा शब्द कधी आला नाही. कुठल्या खात्यातून, त्या खात्यावर काय अट आहे, हे लिहिल्याशिवाय मी ठराव लिहूनच घेत नसे. काही जणांना माझा कंटाळा आला असेल. मला त्याचं काही वाटत नाही.

बाकीचा कारभार बराचसा असाच कागदांचा. डिसेंबरच्या सभेत रेक्टरच्या पगारातला किती भाग घरखर्चाचा हे ठरवून ठराव करायचा, तो वर्ष सुरू होण्याआधीच झाला पाहिजे, नाहीतर त्यांना करात सूट मिळत नाही. १ मार्चच्या आत मंडळीचा वार्षिक अहवाल, त्यात रविवारची सरासरी हजेरी. पाळकांच्या पेन्शनसाठी त्यांच्या वेतनाच्या १८ टक्के रक्कम मंडळीने भरायची. शरद ऋतूत घरोघरच्या वर्गणीचे संकल्प गोळा करायचे आणि त्यावर अंदाजपत्रक बांधायचं.

दुसऱ्या वर्षी, ईस्टरनंतर, रेक्टरनी निवृत्तीचं पत्र वाचलं. आम्ही ते रीतसर स्वीकारलं आणि कुणी कुणाकडे बघेना. रेक्टर नसताना उपासना एकही रविवार न चुकता चालू ठेवायची जबाबदारी वॉर्डनवर येते. धर्मप्रांताने तात्पुरत्या पाळक दिल्या. शोधसमिती नेमली. मंडळीची ओळख करून देणारी पुस्तिका लिहायची होती, त्यात हजेरी घटली हे लिहायचं की नाही यावर दोन सभा गेल्या. एक आजी शेवटी म्हणाल्या, येणाऱ्या माणसाला खोटं सांगून घरात आणायचं का? मग खरे आकडे गेले.

समितीने तीन नावं आमच्यापुढे ठेवली. निवड मात्र व्हेस्ट्रीने करायची असते, आणि नाव पक्कं करण्याआधी बिशपांना कळवावं लागतं. तिघंही येऊन गेले, बोलले, प्रवचन दिलं. मग आम्ही बारा जण दार बंद करून बसलो. चिठ्ठ्या मोजल्या. सात आणि पाच.

नियमाने निवड झाली होती. पण सीनियर वॉर्डन, एरवी फार न बोलणाऱ्या, म्हणाल्या, "सात-पाचवर मी कुणालाही बोलावणं धाडणार नाही. जी येईल तिला आपण पाच बंद दारं दाखवतोय." त्यांनी सगळ्यांना देवळात नेलं. दिवे लावले नव्हते. तास-दीड तास आम्ही अंधारात बसलो, कुणी मोठ्याने प्रार्थना केली, कुणी नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पुन्हा जमलो, पाच जणांनी त्यांना काय खटकतं ते एकेक करून सांगितलं. दोघांच्या हरकती इतक्या साध्या होत्या की फोन करून विचारता आल्या असत्या. मग तसा फोन केला. पुन्हा चिठ्ठ्या टाकल्या. अकरा आणि एक. तो एक जण कोण हे मला माहीत आहे, कारण त्यानेच सांगितलं. आणि नव्या रेक्टरबाई सामान घेऊन आल्या त्या दिवशी ट्रक रिकामा करायला तो सगळ्यांत आधी हजर होता.

त्या रात्री आईने फोनवर नेहमीप्रमाणे विचारलं, "काय ठरलं?" बिशपांचा निरोप यायचा होता, करार व्हायचा होता, सभा बंद दाराआडची होती. मी म्हटलं, "आई, आज नाही सांगता येत." ती म्हणाली, "तुझ्या बाबांसारखंच झालं की." रागाने नाही म्हणाली. मी बराच वेळ खिडकीपाशी उभी होते. बाबांच्या 'तुला काय करायचंय'मध्ये दर वेळी उद्धटपणाच होता असं मी इतकी वर्षं धरून चालले होते. कधीकधी तिथे एखाद्या माणसाची अब्रू असेल, एखाद्या घरची अडचण असेल. पण त्यांना "आज नाही सांगता येत" असं म्हणता आलं असतं. तीन आठवड्यांनी नाव जाहीर झालं तेव्हा मी पहिला फोन आईला केला, जाहिरातीच्या आधी नव्हे, जाहिरात झाल्या झाल्या.

तिसऱ्या वर्षी मी ज्युनियर वॉर्डन झाले. म्हणजे छप्पर, गटार, बॉयलर, बर्फ काढणारा माणूस. ऑर्गनच्या वरचं छप्पर गळत होतं, नवं घालायला कर्ज लागणार होतं आणि तारण द्यायला इमारतच होती. तेव्हा कळलं की देऊळ गहाण टाकायचं किंवा विकायचं तर बिशप आणि धर्मप्रांताची स्थायी समिती यांची संमती लागते. १९७९पासूनचा कॅनन आहे, मंडळीची मालमत्ता ही धर्मप्रांताच्या आणि सबंध चर्चच्या वतीने विश्वस्त म्हणून धरलेली असते. कागदावर आमच्या मंडळीचं नाव आहे, पण आमच्या आधी ज्यांनी ते बांधलं आणि आमच्यानंतर जे येणार, त्यांचंही ते आहे. काही जण यावर फार चिडले. मला ते पटतं. संगीताच्या त्या बाईंचं मृत्युपत्र हातात घेतल्यापासून पटतं.

संमती आली, छप्पर झालं. ऑक्टोबरमध्ये बिशप नव्या रेक्टरच्या स्थापनेला आले. त्या विधीत मंडळीतले लोक एकेक वस्तू आणून देतात, पवित्र शास्त्र, पाणी, तेल, भाकर आणि द्राक्षारस. कॅननची प्रतही देतात. देवळाच्या किल्ल्या वॉर्डन देतात. माझ्या हातात अकरा किल्ल्यांचा जुडगा होता, पोटमाळ्यापासून तळघरातल्या लोखंडी कपाटापर्यंत. वाक्य प्रार्थना पुस्तकात छापलेलं आहे, मी ते आधी मराठीत पाठ केलं आणि मग इंग्रजीत म्हटलं. या किल्ल्या घ्या, आणि या जागेची दारं सर्वांसाठी उघडी असू द्या. आई पुण्यात रात्री जागून फोनवर बघत होती.

जानेवारीत माझी मुदत संपली. माझ्यानंतर निवडून आला तो तिशीतला एक मुलगा, नायजेरियाहून आलेला. दुसऱ्या दिवशी सोमवारी त्याला तळघर दाखवलं, लोखंडी कपाटाचा खालचा खणही उघडून दाखवला. पुढच्या रविवारी पैसे मोजायला त्याच्याबरोबर कुणी नव्हतं म्हणून मी बसले. महिन्यातला तो रविवार होता ज्या दिवशी थाळीत आलेले सुटे पैसे रेक्टरच्या हवाली करतात, गरजूंसाठी. त्याने मोजलं, मग मी मोजलं. दोन डॉलर कमी आले. मी काही म्हणायच्या आत त्याने सगळी रास पुन्हा पुढे ओढली आणि पहिल्यापासून सुरुवात केली. या खेपेला जुळलं. त्याने चिठ्ठीवर आकडा लिहिला, सही केली आणि पेन माझ्याकडे दिलं.